वीस प्राण्यांचा पाढा

एक मिनिट केवढं मोठं असतं, ते मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. रोह्यात, एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या माडीवर, गणपती होऊन गेल्यानंतरच्या एका दुपारी. बाहेर ऊन आणि पाऊस आलटूनपालटून पडत होते. माझी थोरली बहीण खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. समोर मेंदूच्या डॉक्टर. त्या मुंबईहून महिन्यातून एकदा यायच्या. वयाने इतक्या लहान की माझं त्यांना मनातल्या मनात दोनदा "सरळ बस" म्हणून झालं होतं. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढल्यावर ती खोड जात नाही.

डॉक्टरांनी आधी वार विचारला, महिना विचारला, कागदावर घड्याळ काढायला लावलं. मग मोबाइलवर मिनिट लावलं आणि म्हणाल्या, "आजी, एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा. कुठलेही चालतील."

ताई म्हणाली, "गाय." आणि थांबली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. आमच्या लहानपणी उधाणाच्या पाण्यानं खाडी अडवणाऱ्या खारबांधाला खांड पडली होती आणि सगळं शेत खाडीत गेलं होतं, त्या वेळी आमची गाय पोहत पोहत निघून गेली, ती गोष्ट ती सांगायला लागली. बाबा होडी घेऊन दोन दिवस शोधत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाय आपली आपण अंगणात येऊन उभी, शिंगांना शेवाळ, आणि दूध मात्र खारट नव्हतं, कारण आईने आधी स्वतः पिऊन बघितलं. डॉक्टर पेन धरून ऐकत होत्या. मी तिला टोकणार होते, पण डॉक्टरांनी हाताने थांबवलं. खाली दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मग ताईला कुत्रा आठवला, मांजर आठवलं, म्हैस, बैल, आणखी चार. मोबाइल वाजला. नऊ झाले होते.

डॉक्टर म्हणाल्या, विसराळूपणाची सुरुवात आहे. घराची, गल्लीची सवय आहे तोवर राहू द्या त्यांना घरी, फक्त लक्ष ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. फार घसरण दिसली तर मात्र एकटं ठेवू नका.

भाचा त्या दिवशी पुण्याहून मुद्दाम आला होता. मुलगा चांगला आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढे वाचताना कुणी त्याच्यावर दात धरायचं. त्याचं सगळं आयुष्य आकड्यांत जातं, म्हणून त्याने एवढ्या बोलण्यातून आकडा तेवढा उचलला. जिन्यावरच म्हणाला, "मावशी, आज नऊ आहेत. मार्चमध्ये नऊच्या खाली गेले, तर मी आईला घेऊन जाणार." ताई कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. "मी नाय येणार पुण्याला," ती म्हणाली, पायरीकडे बघत. तो म्हणाला, "बघू आई, मार्चमध्ये."

भावोजी गेल्यावर ती दोन महिने त्याच्याकडे राहून आली होती. नववा मजला. सून प्रेमळ, जेवण वेळेवर, टीव्ही मोठा. ताई दिवसभर गॅलरीत उभी राहायची आणि म्हणायची, इथं माणसांची नुसती डोकी दिसतात, डोक्यावरून कोण कसं ओळखणार. रोह्याचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, एक शेवग्याचं झाड आणि समोरून जाणारी येणारी माणसं, जी तिला तोंडावरून ओळखता येत होती. एवढंच होतं. पण तिला तेवढंच हवं होतं, आणि ते तिला मिळावं असं मला जिवापासून वाटत होतं.

त्या संध्याकाळी भाचा गाडी काढून गेल्यावर ती ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "माझं कुठं चुकलं गो?"

आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. आजोबा, बाबा, मी. ताईचं लग्न लवकर झालं म्हणून ती सुटली, पण रक्त तेच. परीक्षा म्हटली की आम्हाला आधी चूक शोधावीशी वाटते. मी म्हटलं, "तू एका मार्काच्या प्रश्नाला निबंध लिहिलास." ती हसली, मीही हसले. आणि तिथेच, मच्छर मारत मारत, माझ्या डोक्यात ते आलं. परीक्षा आहे, अभ्यासक्रम ठरलेला आहे, सहा महिने हातात आहेत. मग अडचण कसली?

आज मागे वळून बघताना वाटतं, दुसऱ्या कुठल्या धंद्याच्या माणसाला हे सुचलंच नसतं. भात लावणाऱ्याला नाही, मिठागरात राबणाऱ्याला नाही. हे मास्तरीणबाईलाच सुचायचं.

मी पेणला रामवाडीत राहते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी सकाळची रोह्याची गाडी धरायला लागले. ती गाडी कधी भरलेली नसते. खिडकीची जागा मिळते, समोरच्या बाकावर पाय सोडता येतात. पेण सुटलं की डाव्या हाताचे डोंगर हळूहळू चालायला लागतात. आश्विनात भात पिवळं पडत होतं आणि त्यावर बगळे उभे होते. धुक्याच्या दिवसांत तर बगळा कुठला आणि धुकं कुठलं कळायचं नाही. कासू आलं की पलीकडे गडबची झाडं दिसायची. गडबच्या शाळेत मी सोळा वर्षं होते. हायवेवरच्या ट्रकच्या आवाजात कविता म्हणून घ्यायच्या, त्यामुळे माझ्या मुलांचे आवाज सगळ्या तालुक्यात मोठे. गाडी तिथून पुढे निघाली की मला पेंग यायची. नागोठणं अर्धवट झोपेत जायचं, आणि त्या झोपेत कधी मी वर्गात असायची, कधी खारबांधावर ताईच्या मागे मागे चालत असायची, तिच्या परकराचं टोक धरून. निडी स्टेशनात जाग यायची. कितीदा मला वाटलं, मी रोह्याला ताईकडे चाललेली नाहीच, ताई जिथे अजून बारा वर्षांची आहे तिथे चालले आहे, आणि ही गाडी तिथेही थांबते.

पिशवीत पोह्याचे पापड, पाटी आणि खडू.

सुरुवातीचे दिवस फार गमतीचे गेले. आम्ही ओट्यावर बसायचो. मी म्हणायची, प्राणी सांग. ती म्हणायची, गाय. आणि गाय म्हटलं की लगेच खाडी, होडी, शेवाळ. कुत्रा म्हटलं की आमच्या काकांचा कुत्रा, जो फक्त पोस्टमनला ओळखायचा आणि घरच्यांवर भुंकायचा. घोडा म्हटलं की तिच्या लग्नात घोडा ठरवला होता, पण तो वाटेत दुसऱ्याच वरातीत शिरला. मला हसू यायचं आणि चिडही यायची. मी पट्टीने ओट्यावर टकटक करायची. "ताई, गोष्ट नको. नुसतं नाव सांग आणि पुढे चल." ती खजील व्हायची. "बरं बाय," म्हणायची, आणि पुढचं नाव घ्यायच्या आत पहिल्याच्या गोष्टीत पुन्हा जायची.

महिन्याभराने मला कळलं की अशाने चालायचं नाही. मग मी माझं हुकमी अस्त्र काढलं. ज्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही, त्याच्याही डोक्यात चाल शिरते. मी पाढ्यांच्या चालीवर प्राणी बसवले:

गाय म्हैस बैल वासरू,
शेळी मेंढी बोकड कोकरू,
कुत्रा मांजर उंदीर घूस,
वाघ सिंह हत्ती घोडा,
ससा हरीण माकड मोर.

पाच ओळी, वीस नावं, आणि सावकाश म्हटलं तरी अर्ध्या मिनिटात आटपतं. ताईने लगेच हरकती घेतल्या. घूस कशाला, शी. मेंढ्या आपल्याकडे कुठे असतात, धनगर येतात तेव्हाच. आणि मोर हा प्राणी की पक्षी? मी म्हटलं, डॉक्टर शहरातल्या आहेत, त्यांना चालेल. तर म्हणाली, "तू शाळेत असंच शिकवलंस होय?" हे मात्र मला लागलं. कारण शाळेत मी असं कधीच शिकवलं नव्हतं. पोपटपंची करणाऱ्या पोराला मी उलटा प्रश्न विचारून भर वर्गात उघडं पाडायची. मार्गदर्शक वापरताना कुणी सापडला तर त्याचं पुस्तक माझ्या कपाटात. आणि आता मीच तिच्यासाठी मार्गदर्शक झाले होते.

पण गंमत अशी की पाढा बसला. भराभर बसला. दिवाळी झाली, कापणी झाली, शेतं रिकामी झाली आणि त्यात वाल उगवून आला. ताई भाजी निवडताना म्हणायची, गाय म्हैस बैल वासरू. केस विंचरताना म्हणायची. दुपारी आम्ही दोघी चटईवर आडव्या व्हायचो, शेवग्याची सावली जमिनीवरून सरकत सरकत आमच्या पायांवर यायची, लांब कंपनीचा शिफ्टचा भोंगा व्हायचा, आणि झोप लागता लागता मला तिचा आवाज ऐकू यायचा, कुत्रा मांजर उंदीर घूस. मला फार बरं वाटायचं. वाटायचं, मी तिच्या कमरेला दोरी बांधली आहे, आता ती कुठे वाहून जायची नाही.

ताईकडे कामाला एक बाई येत. त्या खाडीकडच्या गावातल्या, सासर-माहेर दोन्हीकडे मिठागराचं काम केलेल्या. तळपायांना भेगा, जीभ तिखट. त्यांना माझी ही शाळा सुरुवातीपासून पसंत नव्हती. केर काढता काढता म्हणायच्या, "बाई, या वयात म्हातारीला शालंत कशाला घातलाव? सुखानं बसू द्या की." मी म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं. त्या म्हणायच्या, व्हय, आमाला नाय कलायचा. आणि केर जरा जोरात काढायच्या.

पौषात कधीतरी माझ्या लक्षात आलं की ताई हल्ली गोष्टी सांगत नाही. मी मुद्दाम आठवून बघितलं. मागच्या शुक्रवारी नाही, त्याच्या आधीच्या मंगळवारीही नाही. गाय म्हटलं की म्हैस येत होती, म्हशीनंतर बैल, एकामागून एक, न अडखळता. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला आनंद झाला. वाटलं, आली एकदाची वळणावर. परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. नऊच्या जागी वीस. भाच्याचं तोंड कसं होईल, ते मनाशी बघून मी एकटीच हसले. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला वाटलं मी त्याच्याकडे बघून हसते आहे, तोही हसला.

माघातल्या एका मंगळवारी मी पोचले तर ताई आत झोपलेली होती आणि कामवाल्या बाई माझी वाट बघत ओट्यावर बसलेल्या. त्या अशा बसत नसत. मला म्हणाल्या, "काल त्या नाक्यावर उभ्या व्हत्या. येनाऱ्याजानाऱ्याला इचारत व्हत्या, माजं घर कुटं हाय. मी हाताला धरून आनल्या. आणि बाई, तोंडानं तुमचंच चाललेलं सगल्या वाटंत, गाय म्हैस बैल वासरू. येक चूक नाय."

नाका ताईच्या घरापासून शंभर पावलंही लांब नाही. पन्नास वर्षं ती त्याच नाक्यावरून भाजी आणत होती.

आता इथे मला स्वतःची बाजू मांडता येत नाही. मी म्हटलं, "ऊन लागलं असेल." माघात कसलं ऊन. मग म्हटलं, मीसुद्धा परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होते. मग म्हटलं, "हे तिच्या मुलाला सांगू नका." त्यांनी पदर खोचला आणि उठल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "तुमी शिकल्यासवरल्या. तुमाला ठाव." बास, एवढंच. त्या दिवशी मी ताईकडून पाढा दहादा म्हणवून घेतला. दहाही वेळा बरोबर आला. मला वाटत होतं, पाढा बरोबर आहे तोवर सगळं बरोबर आहे.

परीक्षा शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात होती. भाच्याला सुटी मिळाली नाही, तो म्हणाला, मावशी तू जा, मी फोन करतो. ताईने जांभळी साडी नेसली. मी तिची वेणी घातली. रिक्षात तिने दोनदा पाढा म्हणून दाखवला आणि रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. माडीवरचं सगळं तसंच होतं. तेच टेबल, तीच खुर्ची. फक्त बाहेर कोरडं ऊन होतं आणि खिडकीतून कुठल्यातरी झाडाची पानं एकेक गळताना दिसत होती.

वार विचारला, ताईने चुकीचा सांगितला. घड्याळ काढलं, त्यात सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी मिनिटाची वाट बघत होते. डॉक्टरांनी मोबाइल टेबलावर ठेवला.

"आजी, मागच्या वेळी आपण प्राणी केले होते. आज फळं करू. एका मिनिटात आठवतील तेवढ्या फळांची नावं सांगा."

ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत चमक होती. बक्षीस समारंभात नाव पुकारल्यावर पोरं उठतात, तशी ती सरळ बसली आणि तिने सुरू केलं. "गाय म्हैस बैल वासरू, शेळी मेंढी बोकड कोकरू..."

पाचही ओळी. स्वच्छ, चालीवर, कुठेही न अडता. मोर म्हणून ती थांबली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "आजी, फळं. खायची फळं. आंबा वगैरे."

ताईला वाटलं असावं, यांना नीट ऐकू गेलं नाही. तिने खाकरून घसा साफ केला आणि पहिल्यापासून म्हणायला लागली. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा, मोठ्या आवाजात. गाय. म्हैस. बैल. वासरू. मी हातातल्या पिशवीचे बंद घट्ट धरले होते. मला आंबा ओरडावासा वाटत होता. फणस, केळं, करवंद, जांभूळ. आमच्या परसात रामफळ होतं, त्याच्यावर चढून ती मला फळं टाकायची आणि मी ओच्यात झेलायची. सगळी फळं माझ्या तोंडाशी येऊन उभी होती आणि तिच्या तोंडातून मेंढी, बोकड, कोकरू चालली होती. ते मिनिट संपतच नव्हतं. मला वाटलं आम्ही तिघी त्या माडीवर कायमच्या अशाच बसणार आहोत, पानं गळत राहणार आहेत आणि वाघानंतर सिंह येत राहणार आहे.

मोबाइल वाजला. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पाठ करून घेतलंत का?"

छत्तीस वर्षांत असा प्रश्न मी किती आईबापांना विचारला असेल. मी मान खाली घातली. म्हटलं, हो, मी शिकवलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "किती नावं माहीत आहेत ते आम्ही बघत नाही हो. मन एकावरून दुसऱ्यावर कसं जातं, कुठे अडतं, परत वाट कशी काढतं, ते बघायचं असतं." मग त्यांनी फाइलमधला मागचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. नऊ हा आकडा होता, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: गाईची गोष्ट सांगितली, सलग, सुसंगत, तपशील चांगले. त्या म्हणाल्या, त्या दिवशी मला त्या नऊपेक्षा ती गोष्ट मोलाची वाटली होती. अजून सांगतात का त्या अशा गोष्टी?

मी नाही म्हटलं. मग मी नाक्याचंही सांगितलं. सगळं सांगितलं, मी कामवाल्या बाईंना गप्प बसवलं तेसुद्धा. ताई तोवर पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती, खुशीत. आजार तुमच्या शिकवण्याने वाढलेला नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. तो त्याच्या चालीने पुढे जातोच. फक्त मधले हे महिने आपल्याला तो दिसला नाही. आता मात्र त्यांना एकटं ठेवू नका.

मी ताईला घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसले. भिंतीवर बाळांच्या लसीचं कॅलेंडर होतं. फोन वाजला. भाचा.

"मावशी, आकडा काय आला?"

त्या एका क्षणात माझ्या मनात काय आलं ते लिहिते, लपवून उपयोग नाही. तिने मिनिटभरात वीस शब्द सांगितले होते. मी वीस म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. त्याने आनंदाने फोन ठेवला असता, ताई आपल्या ओट्यावर गेली असती, आणि मी शुक्रवारी पापड घेऊन आले असते. वीस अगदी ओठांवर आलं होतं.

"शून्य," मी म्हटलं. आणि मग नाक्याचं सांगितलं.

तिकडे मागे कुठेतरी ऑफिसातलं कुणी हसत होतं. मग भाचा म्हणाला, "मावशी, तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस." आवाज चढला नव्हता. म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो, तिच्या साड्या आणि औषधं भरून ठेव, बाकीचं नंतर बघू. मी बरं म्हटलं. त्याने विचारलं, आई आहे का शेजारी, काय करतेय? मी म्हटलं, बसली आहे. मग फोन ठेवला.

आणि मला रडू फुटलं. मी रडणाऱ्यातली नाही. आई गेली तेव्हा पाहुण्यांच्या चहाचं बघितलं, नवरा गेला तेव्हा दहाव्या दिवशी पेपर तपासत होते. पण तिथे, त्या बाकावर, चार अनोळखी माणसांसमोर मी ओक्साबोक्शी रडले. मला तिचं घर वाचवायचं होतं. तिला आठवत होतं तोवर मी तिला गप्प बसवलं होतं, आणि आता विचारायचं म्हटलं तर आत कुणी उत्तर देईल की नाही, ते मला माहीत नव्हतं.

ताई माझ्याकडे वळली. तिने पिशवी खाली ठेवली, पदराने माझे डोळे पुसले, मग नाकही पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. माझ्या हातातला डॉक्टरांचा कागद तिने बघितला. उलटा धरून बघितला.

"नापास झालीस होय?" ती म्हणाली.

"रडू नको गो. नापास झालीस म्हणून काय झालं?" तिचा आवाज मऊ होता, घाई नव्हती त्यात. "मी सांगते बाबांना. पोरीनं अभ्यास केला होता म्हणावं, मी रोज बघत होते. ते काय बोलायचे नाहीत तुला. मी हाय ना."

बाबांना जाऊन तीस वर्षं झाली आहेत. मी मान हलवली.

"चल, घरी जाऊ," ती म्हणाली. माझा हात धरून तिने मला उठवलं, जिना उतरवला, पायऱ्या मोजून घेतल्या. रस्त्यावर ऊन होतं. घर डावीकडे होतं. ती माझा हात घट्ट धरून उजवीकडे वळली, आणि मीही तिच्याबरोबर वळले.